छोट्या गाडीच्या तीन सीटा

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी चांद्यात जुनं कोणी भेटलं की तोच किस्सा सांगतं. रिझर्व्हेशनच्या खिडकीवर बसून तुम्ही सख्ख्या बायकोलाही लाईन मोडू दिली नाही म्हणे. असा माणूस आता होणे नाही म्हणे. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालते. कारण आईने लाईन मोडलीच नव्हती. मी तिच्या बाजूला उभी होते.

माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तुमचा रेल्वेचा पास दरवर्षी आत्यांच्या घरच्या लग्नकार्यात खर्ची पडायचा, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आईने शिमला मागितलं. तिला बर्फ पाहायचा होता, बस. भिंतीला हात लावला तर चटका बसावा अशा एप्रिलात ती तिघांचे स्वेटर विणत बसली. शेजारणी फिदीफिदी हसायच्या. पास आला. पण पास म्हणजे सीट नव्हे, हे तुमच्याच तोंडचं वाक्य. डोंगर चढणाऱ्या त्या छोट्या गाडीत जागा मोजक्या, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. सकाळी चहा पिता पिता तुम्हीच फॉर्म भरलात, रेखीव अक्षरात तिघांची नावं, आणि म्हणालात, लाईनीत लागा, आतून मी काही करणार नाही. ठीक. लागलो.

आमच्या पुढचा माणूस तिकीट घेऊन सरकतो, आई फॉर्म आत सरकवते, आणि तुम्ही वर न बघता 'खिडकी बंद'ची पाटी उभी करता.

"अजी, माहाच नंबर हाये," आई म्हणते.

"टाइम झाला बाई. उद्या या."

बाई! जिने पहाटे उठून तुमचा डबा भरला, तिला बाई. एक फॉर्म होता, बाबा. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी वेटिंग निघालं, पासची मुदत संपली, स्वेटर पेटीत गेले. तुम्ही मात्र त्या दिवशी वांग्याची भाजी दोनदा मागून खाल्लीत.

आता मी लोकांची फिरण्याची बुकिंगं करते. स्वित्झर्लंडला निघालेली मंडळी समोर बसतात, पास हातात पडला की त्यांना वाटतं झालं काम. मग मी समजावते, पास सगळीकडे चालेल, पण काचेच्या छताच्या त्या गाडीत सीट वेगळी घ्यावी लागते. दर वेळी तुमची आठवण येते, आणि चांगली येत नाही.

आईचे गुडघे आता फार दिवस साथ द्यायचे नाहीत, म्हणून यंदा तिला तिकडे न्यायचं ठरवलं. सीटा मिळाल्याचं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न काय? "लाईनीतूनच घेतल्या न सीटा? तुह्या बाबाले चालत नव्हतं." मेल्यावरही एवढा धाक! मी म्हटलं, हो, लाईनीतूनच.

साफ खोटं. आईचा व्हिसा लांबला, आणि आमच्या तारखेला त्या गाडीत दोनच सीटा उरल्या. त्या सीटा गडचांदूरच्या एका बाईंनी माझ्या आधी सांगून ठेवल्या होत्या. नवऱ्याचा हात धरून त्या दुकानाची पायरी चढून आल्या, समोर बसल्या, आणि त्यांच्या देखत मी त्या सीटा आई आणि माझ्या नावावर केल्या. वर न बघता म्हटलं, फुल झाल्या. त्यांनी विचारलं, "उद्या येऊन पाहू का?" मी म्हटलं, पाहा.

आईने पेटीतले स्वेटर काढून उन्हात घातलेत. तुमचाही. तो परत ठेव म्हटलं तर ऐकत नाही. हे लिहिलेलं तिला दाखवणार नाही, कोणालाच नाही. तुम्ही असं कधी केलं नसतं, एवढं कबूल करते. सीटा मात्र परत करणार नाही.