भिंतीतला खिळा

बदनापूर, १४ जून १९९२

आज जुन्या घरमालकीण काकूंकडून डिपॉझिट परत आणलं. तीनशेतले पन्नास कापले. का, तर पदवीचा फोटो लावायला मी भिंतीत खिळा ठोकला होता.

"काकू, एका खिळ्याचे पन्नास?"

"मंग? भिंतीला भोक पडलं न्हाई का, लेकरा?"

लेकरा! भांडायचं ठरवून गेले होते, पण त्या हाकेवर मुकाट अडीचशे मोजून घेतले. दोन वर्षं त्याच हाकेवर मी त्यांच्या भाकरी थापल्या. निघताना त्यांनी खिळा उपटून माझ्या हातात ठेवला. "घे, तुझा हाय."

नव्या खोलीत भिंतीला हात लावायचा नाही, असं मालकांनी आधीच बजावलंय. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीचा फोटो ट्रंकेतच आहे. खिळा मात्र उशाशी ठेवलाय. कशाला, कोण जाणे.

पन्नास रुपयांचं एवढं काही नाही. इथे लेकरा म्हणणारं कुणी नाही.