तुझी मशेरी मी बंद केली तेव्हा

आई, आज सकाळी ओट्याला धरून मी चाळीस वेळा टाचा उचलल्या. तू असतीस तर हसली असतीस, कारण स्वयंपाकघरात बाईने टाचा उचलायच्या त्या फळीवरचा डबा काढायला, असं तुझं मत. पण मशेरी सोडून मला आज अडतीस दिवस झाले. चहा झाला की हिरड्या मागायला लागतात, तेव्हा असं काहीतरी हळूहळू करत राहिलं की पाच-सात मिनिटांत तलफ ओसरते, हे मला बागेत आमचा व्यायामाचा वर्ग घेणाऱ्या मुलीने शिकवलं. माझ्या गालाच्या आत पांढरा डाग आलाय. डॉक्टर म्हणाले, आत्ता सोडा, नाहीतर काय होईल ते मला सांगायला लावू नका. मधे एकदा शेजारणीकडून चिमूटभर मागून आणलीच, ते धरून अडतीस. त्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, "काकू, चालतं, मोजणं सोडू नका." तू गेल्यानंतर तुर्भ्याला रिक्षा उलटून माझ्या गुडघ्याची वाटी फुटली होती, त्यामुळे मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. खुर्चीत बसून पाय समोर लांब करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. ताण बसला तर चालेल, कळ आली की थांबायचं. बासष्टाव्या वर्षी मी हे शाळेतल्या पोरीसारखं मन लावून करते, आणि रोज पाय उचलताना तू आठवतेस आणि मला माझाच संताप येतो.

तू मोरीत घसरलीस, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर विचारतात, "आजी, तंबाखू खाता का?" तू पदर सावरत म्हणतेस, "न्हाई बा. मशेरी तेवढी लावती दातास्नी." ते म्हणतात, "तीच ती, आजी. हाड जुळायला हवं असेल तर आजपासून बंद." मी शेजारी उभी राहून समजूतदार चेहऱ्याने मान हलवते आहे आणि माझ्या पर्समध्ये, रुमालाच्या खाली, माझी स्वतःची डबी आहे. आमच्या कारखान्याच्या पॅकिंग खात्यातल्या निम्म्या बायका पहिल्या पाळीआधी लावायच्या. त्याला आम्ही दात घासणं म्हणायचो. तंबाखू खातात ते पुरुष, अशी आमची सोयीची समजूत होती. त्या संध्याकाळी कोपरखैरण्याच्या घरात आल्या आल्या मी तुझी डबी तुझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली, वर दोन तांबे पाणी घातलं, आणि व्यायामाचा कागद तुझ्या हातात दिला. घोटा वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबायचं, पाय सरकवायचा, असे पाच साधे प्रकार, चित्रांसकट. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तूच मला शिकवली होतीस.

नंतरचे दिवस वाईट गेले. तुला झोप लागायची नाही, चहात साखर कमी पडली तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी तेव्हा त्याला नाटकं म्हणायचे. आता पहिल्या आठवड्यात माझंही तेच झालं तेव्हा कळलं, नाटकं नव्हती. संध्याकाळी दारातूनच मी विचारायचे, "व्यायाम केलास का?" तू म्हणायचीस, "केला की." एका सकाळी चादर बदलताना तो कागद गादीखाली सापडला, चार घड्या घातलेला, नवाकोरा. मग मी तुला काय काय बोलले! मी तिकडे राबते आणि तू इथे लोळत पडतेस, वर खोटं बोलतेस, म्हणाले. मग हळूच म्हणालीस, "एकटीला करू वाटत न्हाई गं. तू बस की समोर. तू पाय उचल, मंग मी बी उचलती." मी चपलेत पाय घालत होते. "मला बस पकडायचीय," म्हटलं आणि गेले. तुझा व्यायाम वीस मिनिटांचा होता. मोरीचं दार लावून मशेरी लावायला मला रोज तेवढी मिनिटं बरोबर मिळत होती.

आणि तुला ते माहीत होतं, आई. मी पांघरूण घालायला वाकले की तू तोंड भिंतीकडे फिरवायचीस. मला वाटायचं, रुसली आहे. आता स्वतः सोडल्यावर समजतंय की दुसऱ्याच्या तोंडाचा तो वास किती लांबून येतो आणि हिरड्या कशा मागायला लागतात. रोज सकाळी मी तुझ्यासमोर तो वास घेऊन उभी राहायचे आणि तुला शिस्त शिकवायचे. "माझी काढून घेतलीस आन तू लावतीस व्हय?" एवढं एकदा बोलली असतीस तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणूनच बोलली नाहीस, दुसरं काय. हाड जुळलं तुझं, पण पायाने काही बळ धरलं नाही. पलंगापासून मोरीपर्यंत आणि परत, एवढंच तुझं चालणं राहिलं, आणि दोन वर्षांत तेही संपलं, तूही गेलीस. याला सतरा वर्षं झाली. मी तेव्हा समोर बसले असते तर तू चालली असतीस की नाही, कुणाला ठाऊक. पण मी बसले नाही, एवढं मला ठाऊक आहे.

महिन्यापूर्वी आमच्या वर्गात गावठाणातली एक म्हातारी यायला लागली. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, तिचंही मशेरी सोडणं चाललंय. सून आणून सोडते. पहिल्या दिवशी ती नुसती बसून राहिली. "मना नाय जमनार," म्हणाली. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजी, टेन्शन नका घेऊ, जमेल तेवढंच," आणि पुढे गेली, तिला बाकीचे वीस जण होते. मी माझी खुर्ची ओढून म्हातारीच्या समोर नेली. म्हटलं, मी उचलते, मग तुम्ही उचला. तिने चार वेळा पाय उचलला, दुसऱ्या दिवशी सहा. आता दहा होतात, आणि दहावा झाला की ती बाळासारखी खुशीत येते. गेल्या सोमवारी पदराने घाम पुसत ती मला म्हणाली, "तुजे आयशीची पन अशीच सेवा केली असशील, गो."

मी "हो" म्हटलं.

आज चार दिवस झाले. रोज ठरवून जाते की आज हिला खरं सांगायचं, आणि रोज समोर बसून आकडेच मोजते. तिला सांगायचा धीर होत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तू तेव्हाही काही बोलली नाहीस, आताही बोलणार नाहीस, याच भरवशावर.