साडेसहाशे ग्रॅमचे तीन किलो

ती. दाजींस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, तरी जोडले आहेत). तुमची पाठ आता कशी आहे, ताईचा खोकला गेला का, आणि वरच्या मजल्यावरचे तबला शिकणारे गृहस्थ अजून शिकतातच आहेत का, हे कळवावं.

या पत्राबरोबर तुमच्या हाती पुढील वस्तू पडायला हव्या होत्या, आणि त्या सगळ्या मी कुणाकडूनही न शिकता स्वतःच्या हातांनी केलेल्या आहेत: एक चित्र, ते टांगायला वरच्या कडेला चिकटवलेली लाकडी दांडी, ठेवायला पुठ्ठ्याची नळी, नळीला दोन्हीकडून बसणारी लाकडी झाकणं, खांद्याला अडकवायचा पट्टा, आणि पत्त्याची चिठ्ठी, जिचं अक्षर पाहून पोस्टमन ती छापील समजेल. पण तुमच्यापर्यंत फक्त पत्रच पोचतं आहे, कारण पत्राला घडी घालता येते.

चित्र आमच्या जुन्या घराचं आहे. ताईने मागच्या महिन्यात फोनवर म्हटलं होतं, की अकरा तारखेला मला साठ पुरी होतील, मला काही नको, आपलं घर काढून दे. काढलं. अकरा खिडक्या, पुढच्या भिंतीच्या सगळ्या विटा (आठवणीने मोजून), आणि डावीकडचा फुटका पन्हाळ, जो मीच फोडला होता आणि ज्याचा मार ताईने खाल्ला होता. रुंदी एकशे अठरा सेंटिमीटर. आमच्या हिने विचारलं, की दुसऱ्या बाजूने गुंडाळलं तर नळी निम्मी होईल ना? होईल, पण मग दांडीचं काय? दांडी गुंडाळता येत नाही हे बायकोला समजावण्यात एक दुपार गेली. ती शेवटी म्हणाली, "मग दांडी आधी कशाला चिकटवलीत?" मी चहाकडे वळलो, कारण तो गार होत होता.

नळी मी बरोबर एकशे वीस सेंटिमीटरची केली. कुरिअरवाल्यांच्या फलकावर स्पष्ट लिहिलं आहे, की एकशे वीसपर्यंत साधं पार्सल, त्यापुढे लांब पार्सल आणि त्याचा जादा आकार. मी मिलिमीटरचा माणूस आहे हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे मी तीन वर्षं आलो नाही त्याचं कारण आपण दोघंही जाणतो, म्हणूनच ते सविस्तर लिहितो. तुम्ही पुस्तकांचं कपाट केलं होतंत. पाहुण्यांना सांगितलंत, उंची एकशे ऐंशी. मी खिशातून टेप काढली, लावली, आणि एवढंच म्हणालो, की एकशे एकोणऐंशी पूर्णांक सहा. तुम्ही म्हणालात, "मेहुणे, त्या टेपलाच घेऊन राहा आता." मी सत्यासाठी अर्ध्या जेवणावरून उठलो. (भाजी चांगली झाली होती. तेही सत्यच.)

तर कुरिअरच्या काउंटरवर एक बाई बसतात, त्यांना मी मनात काटेवाली म्हणतो. त्यांनी नळी काट्यावर ठेवली. सहाशे पन्नास ग्रॅम. मी रांगेकडे वळून थोडं हसलो. मग त्यांनी टेप काढली आणि लांबी, रुंदी, उंची घ्यायला लागल्या. मी म्हटलं, बाई, नळीला रुंदी वेगळी आणि उंची वेगळी असं नसतं. "काका, कंप्युटरला असतं." एकशे एकवीस (कंप्युटर पुढचा पूर्ण आकडा धरतो) गुणिले अकरा गुणिले अकरा भागिले पाच हजार, म्हणजे तीन किलो. मी विचारलं, उरलेले जवळजवळ अडीच किलो कुठे आहेत ते दाखवा. त्या म्हणाल्या, जागेचे आहेत. म्हणजे हवेचे! बरं, हवाही माझी नव्हे. गोल नळीभोवती चौकोनी खोकं कल्पायचं, तर चार कोपऱ्यांत एकवीस टक्क्यांहून थोडी जास्तच हवा नळीच्या बाहेर राहते, ती सार्वजनिक आहे. तिचे पैसे रांगेतल्या सगळ्यांत वाटून घ्या, असं मी सुचवलं. रांगेला ते रुचलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाई म्हणाल्या, लांबी एकशे वीस पूर्णांक चार, नऊशे जादा. एकूण चौदाशे चाळीस. मी माझी टेप काढली: एकशे वीस. त्यांनी साहेबांची टेप मागवली: चार जास्त. मी शेजारच्या शिंप्याला टेपसकट बोलावून आणलं: चार जास्त. रांगेत मागे एक हॉटेलवाले उभे होते, नव्या पडद्यांसाठी त्यांच्या गाडीत टेप होती. चार जास्त. चार टेपांनी चार दिशांनी येऊन एका माणसाविरुद्ध कट करावा, असा हा काळ आहे. बाई हळूच म्हणाल्या, "काका, चार मिलिमीटर घासून टाका की, नऊशे वाचतील." मी म्हटलं, नळी खरी आहे, घासायची तर तुमची टेप घासा. साहेब म्हणाले, घडी घाला, पाकिटात जाईल. तेव्हा मी चित्र काउंटरवर उलगडून दाखवलं, की घडी नेमकी कुणाच्या तोंडावरून जाईल. सगळी रांग काउंटरभोवती गोळा झाली. हॉटेलवाले तर बराच वेळ वाकून बघत होते (त्यांचं पुढे येईल). मग मी नळी खांद्याला लावली आणि ताठ मानेने घरी आलो. दारात ती चौकटीला अडकली, हे केवळ हिने पाहिलं.

ताईला आशीर्वाद मागतो म्हणून सांगा. तुमच्या पाठीला शेक द्या.

तुमचा,
मेहुणा

ता. क. घरी येऊन टेप नीट पाहिली. पाच वर्षांपूर्वी तिचा टोकाचा हूक तुटला होता, तेव्हा मी पत्र्याचा नवीन करून रिवेटने बसवला होता, स्वतःच्या हातांनी. तो शून्याच्या चार मिलिमीटर बाहेर बसला आहे, त्यामुळे माझी टेप प्रत्येक माप चार मिलिमीटर कमी दाखवते. म्हणजे तुमचं कपाट एकशे ऐंशीच आहे. बरोबर एकशे ऐंशी. (रिवेट मात्र पक्का. पाच वर्षांत केसभर हललेला नाही.) मी केलेलं स्वयंपाकघराचं दार बारा महिने का घासतं, हेही हिला आज कळलं. ती अजून हसते आहे.

ता. क. २. बसमध्ये चौकशी केली. नळी मांडीवर आडवी धरली तर तिला तिकीट नाही, फक्त माझं लागतं. दहा तारखेला सकाळची गाडी आहे. तुम्ही फोनवर 'या' एवढं म्हणा, जास्त बोलायची गरज नाही. टेप घरी ठेवून येईन.

ता. क. ३. हे ताईला सांगू नका. चित्रात दारापाशी सायकल धरून जरा तिरका उभा असलेला माणूस तुम्ही आहात, ताईचं वाचनालयाचं पुस्तक परत द्यायचं निमित्त काढून पहिल्यांदा आलात तेव्हाचे. हॉटेलवाल्यांना चित्र त्यांच्या पुढच्या दालनात हवं होतं. अट एकच, घर छान आहे पण तो सायकलवाला खोडा, मध्येच येतो. लक्षात घ्या, तेव्हा मला माझी टेप खरीच वाटत होती. तरी नाही म्हणालो. अठरा हजार देत होते, दाजी. रोख.