नदीच्या या काठावर बेकार

विंडसर, कॅनडा, रविवार

प्रिय लॅमाँट,

काल तुझ्या इव्हेटचा फोन आला. म्हणाली, "पंडित, तुझा दोस्त रोज कॉफी पीत नोकरीच्या जाहिराती चाळतो, अर्ज मात्र एक करेल तर शपथ! काही बोलले की म्हणतो, सरकारने मला मोजायचं सोडलंय, तू कशाला मोजतेस?" मी हसून वेळ मारून नेली, पण फोन ठेवल्यावर ते हसू काही टिकलं नाही. बेकारांच्या सरकारी पाहणीला आलेल्या बाईंना तू खरं तेच सांगितलंस आणि त्या खऱ्यापायी बेकारांच्या हिशेबातून गळलास, हे मला तिच्याकडून कळावं?

मग खोडच आपली, वाचनालयात जाऊन दोन्ही देशांचे नियम वाचले, आणि अरे, थक्क झालो! आपण दोघे गाड्यांच्या सीटा शिवणारे, एकाच कंपनीने एकाच वसंतात घरी बसवलेले. तू डेट्रॉइटमध्ये जाहिराती चाळतोस, मी इथे. आमच्याकडे नुसतं चाळणंही शोधण्यात धरतात, म्हणून मी सन्माननीय बेकार. तुमच्याकडे फोन किंवा अर्ज केल्याशिवाय शोध मानत नाहीत, म्हणून तू बेकारही नाहीस. मध्ये फक्त एक नदी! आमचा बेकारीचा आकडा तुमच्याहून फुगलेला दिसतो, त्याला माझ्यासारख्यांचाही हातभार आहे. सगळं श्रेय मी घेत नाही. जर्मनीत तर मंदी आली की पुष्कळदा माणसं न काढता सगळ्यांचे तास कापतात आणि बुडालेल्या पगाराचा बराच वाटा सरकार भरतं. तिथे आपण अजून अर्धा दिवस शिवत असतो आणि तू माझ्या टाक्यांना नावं ठेवत असतास. एवढाल्या आकड्यांच्या पोटात माणसांच्या अशा रीती दडलेल्या असतात, हे पाहून मला विश्वरूप बघितल्यासारखं झालं. आमच्या जुन्या न्यायदर्शनात जमिनीवर घडा नसणं हाही एक पदार्थ मानतात, खराखुरा, डोळ्यांना दिसणारा. तुझ्या हाताला काम नसणं मात्र तुझ्याच देशाला दिसेना.

तर पत्राचं कारण. तुमच्या बाजूच्या एका बसदुरुस्तीच्या वर्कशॉपला सीटा शिवणारा हवाय. ती जाहिरात तूही पाहिली असशील, न पाहिल्यासारखी. वयाकडे बघून नाही म्हणतील, तेही शक्य आहे. तरी उद्या सकाळी एक फोन कर. काम मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर निदान बेकार तरी हो! जो आकडा खाली आणायला भलेभले धडपडतात, तो तू खुशाल एकाने वाढव. मला तू त्यात हवा आहेस, मित्रा.

तुझाच, आणि तूर्त रीतसर बेकार,
हरिहर