नव्या विमानात जागा न्हाई

चंदीगढ

आबा, तुमच्या आन् आईच्या पाया पडतो.

मी बरा हाय, जेवण चांगलं मिळतं. तुमचा गुडघा कसा हाय? उसाला तोड मिळाली का?

मांडवगणात तुम्ही मला पायलट म्हणून सांगता, पण मी फ्लाइट इंजिनिअर. पायलट म्होरं बघतो, मी मागं बसून चारी इंजिनं सांभाळतो. हवाई दलाच्या नव्या विमानात ते काम कॉम्प्युटरच करतो.

काल नवं विमान लेहला निघालं. कॅप्टन साहेबांबरोबर मी कितीतरी वर्षं उडलोय. म्हणलं, "सर, एकदा मलाबी न्या." ते हसून म्हणले, "बैठोगे कहाँ? आपकी कुर्सी ही नहीं है." मीबी हसलो. मग मेसमधी जाऊन आचाऱ्यावर उगाच खेकसलो.

मला आता स्टोअरला टाकलंय. अंगात बळ हाय, कान शाबूत हायत, आन् मी खोकी मोजतोय.

बर्फाच्या डोंगरावरून आता जात न्हाई, एवढं आईला फोनवर सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली म्हणं. ठेवू द्या. फोनवर ती शेजारीच असती, म्हणून तुम्हाला पत्रात लिहितोय. आबा, माझा जीव जमिनीवर रमत न्हाई.

तुमचा,
विश्वजीत