तपासनीसांच्या उजव्या खांद्याबाबत

प्रति,
मा. मानद सचिव,
खासगी फिजिओथेरपी व्यावसायिक संघटना,
मुख्य कार्यालय.

विषय : दवाखान्याच्या वार्षिक तपासणीसाठी दुखणे नसलेला तपासनीस मिळण्याबाबत.
संदर्भ : 'तपासणी अपूर्ण' असे कळवणारी आपली दोन पत्रे.

महोदय,

मी चौदा वर्षे संघटनेची सभासद आहे. एक खोली, दोन पलंग आणि भिंतीला ठोकलेली व्यायामाची शिडी एवढा माझा दवाखाना. तपासणीचे प्रमाणपत्र महिनाअखेर संपते. त्यानंतर दवाखाना बंद ठेवावा लागेल.

१. पहिले तपासनीस तीन तारखेला आले. फळीवरची नोंदवही काढताना त्यांचा उजवा हात खांद्याशीच अडला. मी सवयीने त्यांना पलंगावर बसवले. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "बाई, चार महिन्यांनी आज हात कानापर्यंत गेला." ज्याला हात लावला त्याची रुग्ण म्हणून नोंद करावी, हा आपलाच नियम, म्हणून मी ती केली. रुग्णाने आपल्या उपचारकाची तपासणी करू नये, हाही आपलाच नियम. त्यांनी तसा शेरा लिहिला आणि पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारची वेळ घेतली.

२. दुसऱ्या तपासनीस बाई आल्या तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी होते. पलंगाची उंची मोजताना त्यांची मोजपट्टी पडली. ती उचलायला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. अशा वेळी मी काय करायला हवे होते, ते कृपया कळवावे.

३. तिसरे तपासनीस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे रजेवर आहेत. व्यायामासाठी आपल्याच कार्यालयाने त्यांना माझा पत्ता दिला आहे.

माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी येतात. पक्षाघातानंतर सात महिन्यांनी त्यांचा अंगठा आता कुठे तर्जनीला टेकू लागला आहे. कात्री धरता यावी, एवढेच त्यांचे मागणे. आता खंड पडला तर बोटे पुन्हा आखडतील. असे हात मी पाहिले आहेत. दोन्ही तपासण्या त्यांनी शेजारच्या पलंगावरून पाहिल्या. त्या म्हणाल्या, "आता कोणी आलं ना, तर तुम्हालाच बांधून ठेवते. एका हातानं जमेल तेवढं."

धडधाकट तपासनीस नसल्यास तपासणी माझ्या गैरहजेरीत करावी. मी बाहेर पायरीवर बसेन. किल्ली मावशींकडे राहील.

हे सांगायला काल आपल्या दालनात आले होते. लेखी द्या, असे म्हणून आपण दारापर्यंत सोडायला आलात. आपल्या डाव्या पायाचा चवडा नीट उचलला न जाता गालिच्यात दोनदा अडकला. आपलीही नोंद करावी लागेल या भीतीने मी गप्प बसले. तेव्हापासून चैन नाही. प्रमाणपत्राचे आपण योग्य ते ठरवालच. पाय मात्र याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा. हा उपचार नव्हे. मी हात लावलेला नाही.

आपली नम्र सभासद,
(सही)
दिनांक : १९ नोव्हेंबर

सोबत :
१. संदर्भातील दोन्ही पत्रांच्या प्रती.
२. पहिल्या तपासनीसांचा व्यायामाचा कागद. ते खुर्चीवर विसरून गेले. त्यांच्या मंगळवारी दवाखाना उघडा असेल की नाही सांगता येत नाही, म्हणून त्यांना पोहोचवावा.