मुद्दाम मोडलेला पंख

बाबा, तुम्हाला आणि तुमच्या शिलाई मशीनला नमस्कार.

काल आम्ही नव्या विमानाचा पंख पोलादी दोरांनी ओढून मुद्दाम मोडला. गणितापेक्षा जास्त ताण सोसून तुटला, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू आलं. मी शिवलेली बाही तुम्ही अशीच ओढून बघायचात, टाके उसवायचे आणि मी फुगून बसायचे. आता त्याच कामाचा पगार घेते!

तब्येत उत्तम. आईचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

विमानात बसले की हल्ली पंखाकडेच बघत राहते, माझा डोळा लागत नाही, एवढंच.

तुम्ही दोघं विमानाने माझ्याकडे याल तेव्हा खिडकीतून पंख वाकताना दिसेल. घाबरू नका. तो वाकावा पण तुटू नये, एवढ्यासाठीच मी तीन वर्षं घरी आले नाही.

तुमची,
वाकडी बाही शिवणारी धाकटी